पैशाने जिंकता न येणारे खेळ

खेळ म्हटला की नियम आले, आणि नियम म्हटला की तो उभय पक्षांना सारखाच लागू असावयाचा, ही गोष्ट विटीदांडू खेळणाऱ्या लहान मुलासही कोणी शिकवावी लागत नाही. आपल्या बिदर-कलबुर्गीकडील कानडी बोलणारी मुले ज्याला चिन्नीदांडू म्हणतात, त्या खेळात सावकाराच्या मुलाने टोलविलेली विटी कोणी दुप्पट अंतराने मोजीत नाही. जत्रेतील कुस्त्यांच्या फडातही तोच न्याय. पंच जोड लावतात तेव्हा दोघांची अंगकाठी पाहतात, हातसलामी होते, आणि जो दुसऱ्याला चीत करील तो नारळ घेऊन जातो. अशा वेळी एखाद्या मल्लाच्या पित्याने पंचांच्या हातावर शंभर रुपये ठेवून ‘समोरच्या पोराचा डावा हात बांधा’ असे सांगितले, तर भोवतालचे लोक त्याचे काय करतील हे सांगावयास नको.

परंतु, विद्यार्थी मित्रहो, याच जातीचा व्यवहार हल्ली आपल्या हातातील मोबाइलवर नित्य चालतो आणि त्याला कोणी हरकत घेत नाही. इंटरनेटच्या जाळ्याने जोडलेले अनेक खेळाडू एकाच वेळी जो खेळ खेळतात, त्याला ऑनलाइन मल्टिप्लेअर खेळ म्हणतात. औरादचा मुलगा, लातूरची मुलगी आणि दुबईतील त्यांचा मावसभाऊ एका डावात उतरू शकतात, ही या युगाची खरोखर नवलाची गोष्ट आहे आणि आम्ही तिचे मनापासून कौतुक करतो. मोबाइल हाती दिसला की रागावणाऱ्यांच्या पंक्तीत आम्हांस बसावयाचे नाही. आमचे म्हणणे एवढेच की, यांतील पुष्कळशा खेळांत विजय विकावयास मांडलेला असतो. पैसे देणाऱ्याची तलवार अधिक धारदार होते, त्याचा किल्ला लवकर उभा राहतो, त्याची गाडी वेगाने धावते. अशा खेळांना ‘पे-टू-विन’, म्हणजे पैसे द्या आणि जिंका, असे नाव पडले आहे. आणि या रकमा सुट्या, बारीक असतात, दहा रुपये, ऐंशी रुपये, म्हणून त्यांस ‘मायक्रोट्रान्झॅक्शन’ म्हणतात. बारीक म्हणून त्या डोळ्यांत भरत नाहीत, हाच त्यांचा गुण.

यात घरच्या पैशाची हानी होते ती होतेच. आमच्या भागात पुष्कळ घरी चांगला मोबाइल एकच असतो. सोयाबीनचे पैसे, निवृत्तिवेतन, किराणा, सारे त्याच्यावरूनच होते, आणि सायंकाळी तोच मुलांच्या हाती जातो. परंतु वर्गात आम्हांस याहून निराळी एक हानी दिसते, आणि तिचे आम्हांस अधिक वाईट वाटते. एखादा चलाख मुलगा आठ-पंधरा दिवस एका खेळात हरत राहतो आणि ‘मला काही जमत नाही’ असे स्वतःच ठरवून मोकळा होतो. वस्तुतः तो बुद्धीने हरलेला नसतो, समोरच्याने त्याच्याहून पैसा अधिक ओतलेला असतो, एवढेच. त्याच वेळी जिंकणारा मुलगाही आपण शूर आहोत अशा समजुतीत वावरतो. दोघांनाही आपली खरी पायरी कळत नाही. आता ती कळावी म्हणूनच तर मनुष्य दुसऱ्याबरोबर खेळतो.

महाभारताच्या सभापर्वात या विषयाला लागू पडणारा एक प्रसंग आहे. द्यूताच्या वेळी दुर्योधन म्हणतो, पण मी लावीन आणि माझ्यासाठी फासे मामा शकुनी टाकील. एकासाठी दुसऱ्याने खेळावे हे विषम आहे, अशी हरकत युधिष्ठिराने तेथल्या तेथे घेतली. धन एकाचे आणि हात दुसऱ्याचा, यातील मेख त्याला बरोबर कळली होती. तरीही तो पटावर बसला!

आता हे खेळ मुळात फुकट का मिळतात, ते पाहू. खेळ तयार करणाऱ्या मंडळींना वेतन द्यावे लागते, आणि हजारो खेळाडूंना एकमेकांशी जोडून देणारे मोठे संगणक अहोरात्र चालू ठेवावे लागतात. हा खर्च काढण्याचे मार्ग मोजके आहेत. खेळाची किंमत आधीच घ्यावी, किंवा मधूनमधून जाहिराती दाखवाव्यात, किंवा खेळ फुकट देऊन आत दुकान थाटावे. तिसरा मार्ग सर्वांत किफायतीचा ठरला आहे. अशा खेळांत बहुसंख्य खेळाडू एक पैसाही देत नाहीत आणि उत्पन्नाचा मोठा वाटा थोड्या खेळाडूंकडून येतो. भरमसाट खर्च करणाऱ्या या थोड्यांना त्या धंद्याच्या परिभाषेत देवमासे म्हणतात. मग जे पैसे देत नाहीत, त्यांना ठेवून घेण्यात धनी लोकांचा काय लाभ? लाभ असा की, ज्याने शक्ती विकत घेतली त्याला हरविण्यासाठी कोणीतरी समोर लागते. ते काम फुकट खेळणारा करतो. दुकानाचे गिऱ्हाईक निराळे असते, आणि फुकट खेळणारा हा त्या गिऱ्हाइकापुढे मांडलेल्या मालातच जमा असतो. एवढे एक ध्यानात आले म्हणजे पुढचे बरेचसे आपोआप उलगडते.

परंतु दुकान असलेला प्रत्येक खेळ वाईट, असे मात्र नाही. दुकानात काय मांडले आहे, ते पाहावे. आपल्या बिदरच्या बिदरी कामाचे उदाहरण घ्या. काळ्या धातूत चांदीची तार ठोकून केलेली ती नक्षी पाहून जगाने बोटे तोंडात घातली, परंतु नक्षीच्या सुरईत पाणी साध्या सुरईहून अधिक मावत नाही. त्याप्रमाणे कित्येक खेळांत पोशाख, रंग, टोप्या, नाचण्याच्या तऱ्हा एवढेच विकतात. यांना ‘स्किन’ म्हणतात. दहा हजारांचा झगा घातलेला शिपाई आणि फुकटचा शिपाई, दोघांची गोळी तेवढीच लागते. असा खर्च शहाणपणाचा की कसे, हा प्रश्न निराळा, तो ज्याच्या त्याच्या घरी सुटावा. खेळ मात्र त्यामुळे नासत नाही.

याउलट फिनलंडमधील सुपरसेल या कंपनीने २०१६ मध्ये आणलेला क्लॅश रॉयाल हा खेळ पाहा. त्याची रचना मोठी कल्पक आहे, हे मान्य केले पाहिजे. खेळाडू पत्ते निवडतो आणि त्यांतील योद्धे रणांगणावर सोडतो. परंतु प्रत्येक पत्त्याला पातळी असते. पातळी चढली म्हणजे योद्ध्याचा आघात वाढतो आणि त्याची तग धरण्याची शक्तीही वाढते. पातळी चढविण्याची सामग्री खेळता खेळता, वाट पाहूनही मिळते आणि पैसे देऊन लवकरही मिळते. तेव्हा समान बुद्धीचे दोघे समोरासमोर आले असता ज्याच्या पत्त्यांची पातळी वरची, त्याचे पारडे जड. ‘पैसे न देताही सर्व काही मिळते’ असे या जातीच्या खेळांविषयी सांगतात ते खोटे नव्हे. परंतु जे एकाला आज मिळते ते दुसऱ्याला कित्येक महिन्यांनी मिळणार असेल, तर आजच्या डावापुरते ते न मिळाल्यासारखेच आहे.

खेळाडूंनी एकजुटीने नकार दिला म्हणजे काय घडते, याचाही दाखला आहे. २०१७ च्या नोव्हेंबरात इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌स या अमेरिकन कंपनीचा ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’ हा खेळ बाजारात यावयाचा होता. तो फुकट नव्हता, पुरी किंमत मोजून घ्यावयाचा होता. तरीही त्यात शक्ती वाढविणाऱ्या पेट्या पैशाने मिळत होत्या, आणि डार्थ व्हेडर हे गाजलेले पात्र खुले करण्यास खेळातील ६०,००० नाण्यांची कमाई लागत होती. खेळाडूंनी असा काही गिल्ला केला की कंपनीने तो आकडा १५,००० वर आणला, आणि खेळ प्रसिद्ध होण्याच्या काही तास आधी पैशाची सारी विक्रीच थांबविली. पुढे २०१८ मध्ये दुकान उघडले ते केवळ शोभेच्या वस्तूंचे.

आता या दुकानांतील मापे पाहू. किराण्याच्या दुकानात काटा मारलेला असला तर आपल्या घरातील आजीबाई तो लांबून ओळखतात. येथला काटा निराळ्या रीतीने मारलेला असतो. पहिली युक्ती नाण्यांची. रुपयांत भाव सांगावयाचा नाही, आधी रुपयांचे हिरे किंवा मोहरा घ्यावयास लावावयाचे. समजा, ८० रुपयांस १०० हिरे मिळतात आणि हवी ती वस्तू १२० हिऱ्यांची आहे. म्हणजे दोन पुड्या घेणे आले. १६० रुपये गेले, वस्तू मिळाली आणि ८० हिरे उरले. त्या उरलेल्या हिऱ्यांत ६४ रुपये अडकून पडले. ते परत मिळत नाहीत, आणि नुसत्या ८० हिऱ्यांत दुसरे काही येतही नाही. मग पुन्हा एक पुडी.

दुसरी युक्ती बंद पेटीची, जिला ‘लूट बॉक्स’ म्हणतात. पेटीचे पैसे आधी द्यावयाचे, आत काय निघेल ते नशिबावर. जत्रेतल्या सोडतीचाच हा भाऊबंद. येथे गणित फार चकविते. दुर्मीळ तलवार निघण्याची शक्यता शंभरात एक असेल, तर शंभर पेट्या उघडल्यावर ती मिळणारच, असे बहुतेकांस वाटते. आम्ही पडलो कलाशाखेचे पदवीधर, म्हणून गणित शिकविणाऱ्या सहकाऱ्यांकडून हिशेब करून घेतला. शंभर पेट्या उघडणाऱ्या शंभर जणांपैकी सुमारे ३७ जणांना ती तलवार मिळतच नाही. पेटी २० रुपयांची धरली तर प्रत्येकाचे २,००० रुपये गेले. दहावीच्या मुलांनी ०·९९ चा शंभरावा घात काढून पाहावा, उत्तर ०·३७ च्या आसपास येईल. शिवाय प्रत्येक नवी पेटी आधीच्या पेट्या विसरलेली असते. ‘इतक्या रिकाम्या गेल्या, आता येईलच’ या बोलण्याला तिच्यापुढे काही किंमत नाही. काही खेळांत अमुक पेट्यांनंतर वस्तू नक्की मिळण्याची सोय ठेवलेली असते. तेव्हा ती अमुक संख्या वाचून तिला पेटीच्या किमतीने गुणावे, म्हणजे वस्तूची खरी किंमत समोर येईल.

तिसरी युक्ती कंटाळ्याची. इमारत बांधावयास आठ तास लागतील, थांबा. अथवा थोडे हिरे द्या, आत्ताच होईल. हे आठ तास कोणा गवंड्याला लागत नाहीत, ते आपली सहनशीलता मोजण्यासाठी घातलेले असतात.

बंद पेट्यांविषयी जगातील सरकारे हळूहळू जागी झाली. अशा पेट्यांतून निघणाऱ्या निरनिराळ्या वस्तूंचा पूर्ण संच जमविला तर मोठे बक्षीस, हा प्रकार जपानमध्ये २०१२ साली बेकायदा ठरला. बेल्जियमच्या द्यूत नियंत्रण आयोगाने २०१८ मध्ये काही प्रसिद्ध खेळांतील पेट्या जुगाराच्या कायद्यात बसतात असा निर्णय दिला. अमेरिकेत फोर्टनाइट या खेळाच्या एपिक गेम्स कंपनीने २०२२ च्या डिसेंबरात ५२ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. त्यांतील २४·५ कोटी डॉलर हे नको असलेली खरेदी चुकून घडावी अशी बटणांची मांडणी केल्याबद्दल होते, तर उरलेले २७·५ कोटी मुलांच्या खाजगी माहितीसंबंधीचा कायदा मोडल्याबद्दल. ध्यानात घ्या, फोर्टनाइटमध्ये विकतात ते बहुतांशी पोशाखच. म्हणजे शोभेचे दुकानही लबाडीचे असू शकते.

आपल्या देशातील कायद्याविषयी मात्र पालकांत बराच घोटाळा आढळून येतो. ‘सरकारने ऑनलाइन खेळ बंद केले ना?’ असे आम्हांस अनेकांनी विचारले. कर्नाटक विधिमंडळाने २०२१ मध्ये पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून पण लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली होती. १४ फेब्रुवारी २०२२ रोजी राज्याच्या उच्च न्यायालयाने तिची मुख्य कलमे घटनाबाह्य ठरविली. त्यानंतर संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन खेळांचा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याचा रोख पैसे लावून पैसे मिळविण्याच्या खेळांवर आहे. मनोरंजनाच्या खेळाने वर्गणी किंवा प्रवेशशुल्क घेतले तर त्यास हा कायदा आडवा येत नाही, आणि इ-स्पोर्ट्‌सला तो उत्तेजनच देतो. पब्जी मोबाइल २ सप्टेंबर २०२० रोजी आणि फ्री फायर २०२२ च्या फेब्रुवारीत बंद झाले, त्यांची कारणे निराळी, म्हणजे देशाच्या सुरक्षिततेची व माहितीच्या गुप्ततेची होती. मुलाने आपल्या खेळातील तलवारीसाठी आठशे रुपये दिले आणि त्यातून रोख काही परत मिळावयाचे नसले, तर तो या कायद्याच्या अर्थाने पणाचा खेळ होत नाही. तेव्हा येथे पोलीस येणार नाहीत, पारख घरीच करावयाची आहे.

ही पारख कशी करावी? मोबाइलवर खेळ उतरवून घेण्यापूर्वी त्याच्या पानावर ‘अ‍ॅपमधील खरेदी’ हे शब्द आहेत की नाहीत ते पाहावे. नसतील तर निम्मी काळजी मिटली. असतील तर त्याच पानावर खाली वस्तूंची किमान व कमाल किंमत दिलेली असते. कमाल आकडा हजारांत असेल तर तेथे देवमाशांची वस्ती आहे असे समजावे. टोपीच्या दुकानाला सहसा एवढा भाव लागत नाही. मग खेळ उघडून आधी रणांगणात न जाता दुकानात जावे. तेथे पातळी, बळ, वेग, त्वरा, दुप्पट मिळकत असे शब्द दिसले तर तो शक्तीचा बाजार. झगे, रंग, चिन्हे एवढेच दिसले तर शोभेचा. ‘सीझन पास’ नावाचा मासिक किंवा हंगामी परवाना असतो, त्यात झग्यांच्या आड एखादे शस्त्र किंवा योद्धा दडविलेला नाही ना, हे शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे. आणि सर्वांत चांगला प्रश्न सरळ विचारावा: दोन सारखे खेळाडू, एकाने वर्षभर पैसे दिले, दुसऱ्याने दिले नाहीत, तर आज डाव मांडताना दोघांच्या हाती काय असेल? उत्तर ‘सारखेच’ असे येत नसेल तर दुसरा खेळ पाहावा.

पालकांसाठी एक-दोन गोष्टी येथेच सांगून टाकतो. प्ले स्टोअरच्या व्यवस्थेत प्रत्येक खरेदीस परवलीचा शब्द किंवा बोटाचा ठसा मागण्याची सोय आहे, ती चालू करावी. मुलांच्या हाती जाणाऱ्या खात्यात कार्ड किंवा यूपीआय जोडून ठेवू नये. चुकून खरेदी झाल्याचे कळताच, ४८ तासांच्या आत, परताव्याची मागणी गुगलकडे नोंदवावी. दिवस जाऊ दिले तर काम अवघड होते.

आता चांगल्या खेळांकडे वळू. आमच्या मते या बाबतीत पहिला मान बुद्धिबळाचा. हा आमच्या आवडीचा पक्षपात आहे असे कोणी म्हटले तर आमची तक्रार नाही. थिबो द्युप्लेसी या फ्रेंच गृहस्थाने २०१० मध्ये ‘लिचेस’ नावाचे बुद्धिबळाचे ठिकाण इंटरनेटवर उभे केले. ते आज एका ना-नफा संस्थेच्या हाती आहे. तेथे जाहिराती नाहीत, शुल्क नाही, दुकान नाही. ज्या आज्ञावलीवर ते चालते तीही कोणासही वाचावयास खुली आहे. खर्च देणग्यांवर भागतो. आणि देणगी देणाऱ्याला काय मिळते? त्याच्या नावाशेजारी पंखांचे एक चिमुकले चिन्ह. बस्स. त्याचा घोडा अडीच घरांऐवजी साडेतीन घरे जात नाही.

तेथे जोड लावण्याची पद्धतही समजून घेण्याजोगी आहे. नव्या खेळाडूला आरंभी १५०० गुणांक धरतात. जिंकला की तो वाढतो, हरला की उतरतो. बलवान प्रतिस्पर्ध्याला हरविले तर अधिक वाढतो, दुबळ्याकडून हरला तर अधिक उतरतो. थोड्याच डावांत गुणांक खऱ्या पायरीच्या जवळ येऊन स्थिरावतो, आणि मग समोर येणारा साधारण आपल्या तोडीचा असतो. फडावर वजन पाहून जोड लावणाऱ्या जाणत्या पंचाचे काम येथे गणित करते. हरणे येथेही घडतेच, फार घडते. परंतु ते हरणे आपले असते. डाव संपल्यावर कोणती चाल चुकली ते तेथेच विनामूल्य पाहता येते. २००७ पासून चालू असलेले चेस डॉट कॉम हे दुसरे मोठे ठिकाण. तेथे वर्गणी आहे व फुकट खेळणाऱ्यांस जाहिराती दिसतात. मात्र वर्गणीने धडे आणि डावाचे विश्लेषण अधिक मिळते, पटावरील सोंगट्या वर्गणीदाराच्याही सोळाच. संगणकाला विचारून चाल करणारे लबाड दोन्हीकडे आहेत, आणि दोन्हीकडे पकडले गेल्यास खात्यावर कारवाई होते.

२०२० च्या ऑगस्टमध्ये, महामारीमुळे सारे घरी असताना, जागतिक बुद्धिबळ संघटनेने ऑलिंपियाड चेस डॉट कॉमवर भरविले. भारतीय संघाचे नेतृत्व नाशिकचे विदित गुजराथी करीत होते. ३० ऑगस्टला रशियाशी अंतिम सामना झाला. पहिली फेरी बरोबरीत सुटली. दुसऱ्या फेरीत जगभर इंटरनेटचा मोठा बिघाड झाला, आणि निहाल सरीन व नागपूरची दिव्या देशमुख यांचा पटाशी संबंधच तुटला. घड्याळे चालत राहिली, दोघांचे डाव वेळेवर गेले. कागदोपत्री भारत हरला होता. भारताने दाद मागितली आणि संघटनेने दोन्ही संघांस सुवर्णपदक दिले. तारेतील बिघाडाने डाव ठरू नये, असे ज्या खेळाचे पंच मानतात, त्या खेळात खिशातील नोटेने तो ठरण्याचा प्रश्नच येत नाही. हीच दिव्या देशमुख पुढे २८ जुलै २०२५ रोजी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, जॉर्जियातील बाटुमी येथे कोनेरू हंपीवर मात करून महिलांचा विश्वचषक जिंकली आणि ग्रँडमास्टर झाली.

ज्यांस पटावर बसून राहणे मानवत नाही, त्यांच्यासाठीही सोय आहे. सुपरटक्सकार्ट हा गाड्यांच्या शर्यतीचा गमतीदार खेळ हौशी कार्यकर्त्यांनी मिळून केलेला आहे. २०१९ पासून तो जाळ्यावरून अनेकांना मिळून खेळता येतो. त्यात दुकान नाही, आणि एका खोलीतल्या मुलांनी एका मोबाइलच्या हॉटस्पॉटवर खेळ मांडला तर इंटरनेटचा खर्चही नाही. लुआंटी हा ठोकळ्यांनी जग रचण्याचा खेळ फिनलंडच्या पेर्टू आहोला यांनी २०१० मध्ये सुरू केला. २०२४ पर्यंत त्याचे नाव माइनटेस्ट असे होते. डेव्हिड व्हाइट यांचा २००३ चा ‘बॅटल फॉर वेस्नॉथ’ हा सैन्ये चालविण्याचा, सावकाश विचार करून खेळावयाचा खेळ जुन्या संगणकावरही चालतो. शाळेत टाकून दिल्यासारखे पडलेले संगणक असतात, त्यांना हे चांगले काम आहे.

शोभेचे दुकान असलेल्यांत व्हॉल्व्ह कंपनीचा २०१३ चा डोटा २ उल्लेखनीय आहे. त्यातील सर्व योद्धे सर्वांना फुकट मिळतात. त्याला चांगला संगणक मात्र लागतो, आणि पोशाख बंद पेट्यांतून विकण्याची खोड त्यालाही आहे. २०१८ चा अमंग अस हा चोर-शिपायाच्या जातीचा खेळ मोबाइलवर जाहिरातींसह फुकट मिळतो, आणि विकतो ते कपडे. चोर कोण हे ओळखण्याला टोपीचा उपयोग नाही.

राहता राहिला आपल्या खेडोपाडीचा अडसर, तो म्हणजे रेंज. आळंदच्या आतल्या गावांत किंवा औरादच्या सीमेवर सायंकाळी जाळे केव्हा तुटेल याचा नेम नसतो, आणि झटपट खेळांत दोन क्षणांचा खोळंबाही घात करतो. त्यावर लिचेसवरील पत्राच्या डावाचा उपाय आम्हांस फार आवडला आहे. त्यात एका चालीस एक दिवसापासून चौदा दिवसांपर्यंत मुदत ठेवता येते. कल्पना जुनीच आहे. लंडन आणि एडिंबरो येथील मंडळांनी १८२४ ते १८२८ या काळात टपालाने डाव खेळले होते, आणि एडिंबरो जिंकले. टपालाच्या गाडीऐवजी आता मोबाइल एवढाच फरक. रेंज आली की चाल पाठवावी आणि अभ्यासाला लागावे. घरच्या एकुलत्या मोबाइलवर दिवसाकाठी पाच मिनिटे त्याला पुरतात. आमच्या शाळेतील काही मुलांनी पुण्या-मुंबईकडे गेलेल्या आपल्या चुलत-मावस भावंडांशी असे डाव मांडले आहेत. एका मुलीचा डाव तिच्या सोलापूरच्या आजोबांशी चालू आहे. आजोबा मुदतीचे चौदाही दिवस घेतात, अशी तिची तक्रार आहे.